चार मुलखांचा चहा, यवतमाळचं पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत चहाचं झाड जगणार नाही. हौसेने कुंडीत लावलं, शेडनेटखाली ठेवलं, रोज पाणी घातलं, तरी काही महिन्यांत पानं पिवळी पडतील आणि रोप खंगत जाईल. कारण माती परीक्षणाच्या कागदावर लिहिलेलंच असतं. कापसाच्या आपल्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ; चहाला हवा साडेचार ते साडेपाच. जमिनीत चुना जास्त असला की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. संत्र्याची बाग पिवळी पडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको. पाऊस म्हणावा तर आपल्याकडे वर्षाला नऊशे-हजार मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबरात उरकलेला. पुढे आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. आसाम-दार्जिलिंगात याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. तेवढं पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं मात्र चालत नाही. म्हणून चहा डोंगरउतार पसंत करतो, आणि सपाटीवर लावायचा तर चर खणून द्यावे लागतात. थोडक्यात, कापसाला जे मानवतं ते चहाला सोसत नाही.

तेव्हा यवतमाळ, वणी, पुसद किंवा पांढरकवड्याच्या कँटीनमध्ये आपल्या हातात येतो त्या कपातली पत्ती बाहेरगावची. निलगिरीची असेल तर हजारेक किलोमीटरवरून आलेली, आसामातली असेल तर जवळजवळ पावणेदोन हजार. पाणी आणि दूध तेवढं इथलं. चहाचे शौकीन ‘दार्जिलिंग चांगला की आसाम’ यावर तासभर वाद घालतात, आणि या वादात पाण्याचं नाव कोणी काढत नाही. यवतमाळात मात्र ते काढावंच लागतं.

आधी तुलना करायची कशी, ते. किराणा दुकानातला पाकीटबंद चहा इथे कामाचा नाही, कारण तो कुठल्याच एका मुलखाचा नसतो. वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त मळ्यांचा माल लिलावात घेऊन, चाखून, मिसळून तो तयार होतो. मिश्रण करणाऱ्याचं कौशल्यच यात असतं की यंदा पाऊस कमी झाला, एखाद्या मळ्याचा माल बिघडला, तरी पाकिटाची चव गेल्या वर्षीसारखीच लागावी. मोठ्या कंपन्या तर राज्य बदललं की मिश्रणही बदलतात. मुलूख कळायचा असेल तर एकाच मळ्याचा, निदान एकाच प्रदेशाचा सुटा चहा मागवावा लागतो. दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि मिळालाच तर कांगडा, पन्नास-पन्नास ग्रॅम पुरे.

पत्ती आणि पाण्याचं माप आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेलं आहे. आयएसओ ३१०३ या नावाचं एक मानक १९८० सालापासून आहे. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, झाकण ठेवून सहा मिनिटं, मग गाळून पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत. या मानकाच्या ब्रिटिश आवृत्तीला १९९९ मध्ये गमतीदार संशोधनासाठीचं इग्नोबेल पारितोषिकही मिळालं. पण हसण्यासारखं त्यात काही नाही. हे माप चहा चांगला लागावा म्हणून ठरवलेलंच नाही. सगळे चहा एकाच कसोटीला लागावेत एवढ्यासाठी ते आहे. घरच्या वजनकाट्यावर दोन ग्रॅम मोजून पाहा. सीटीसीचे, म्हणजे नेहमीच्या दाणेदार पत्तीचे, दाणे जेमतेम चमचाभर दिसतात आणि दार्जिलिंगच्या पानांचा ढीग होतो. चमच्याने मोजून तुलना केली की दार्जिलिंग फिका लागणारच, आणि लोक दोष चहाला देतात.

चाखताना घोट घ्यायचा नाही, भुरका मारायचा. लिलावगृहातले चहापारखी चमचाभर चहा जोरात ओढून तोंडभर फवारतात, म्हणजे तो जिभेच्या सगळ्या भागांना लागतो आणि वास मागच्या बाजूने नाकात चढतो. बशीत ओतून फुर्र करणाऱ्या आपल्या जुन्या पिढीला हे शिकवावं लागलं नसतं.

पहिली वाटी दार्जिलिंगची. तिथे १८४१ साली डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी बंगल्याच्या आवारात चिनी जातीच्या बिया लावल्या, त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. आज ८७ मळे ‘दार्जिलिंग’ हे नाव लावू शकतात. भौगोलिक मानांकन मिळवणारं भारतातलं हे पहिलं उत्पादन. पण एकेकाळी वर्षाला कोटी किलोपर्यंत जाणारं पीक आता साठ लाख किलोच्या आसपास आलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये खुडलेल्या पहिल्या बहराचा चहा पेल्यात फिक्कट सोनेरी उतरतो. पत्ती पाहिली तर अर्धीअधिक हिरवटच. पान सुकवताना त्यातलं पाणी इतकं काढून टाकतात की पुढे हवेशी होणारी प्रक्रिया अर्ध्यावरच थांबते, म्हणून हा रंग. आयुष्यभर दुधाचा चहा प्यायलेल्या माणसापुढे तो ठेवा. उत्तर ठरलेलं आहे: ‘हे तं नुसतं गरम पानी हाय बाप्पा!’ त्याला घाई करू देऊ नका. वाटी अर्धी निवली की फुलाचा, ओल्या गवताचा वास जाणवू लागतो.

दुसऱ्या बहराची, मे-जूनची गोष्ट मात्र यवतमाळच्या शेतकऱ्याला ऐकवलीच पाहिजे. या चहात पिकलेल्या द्राक्षासारखा एक वास येतो, त्याला मस्कटेल म्हणतात, आणि त्यासाठी परदेशात लोक भलते पैसे मोजतात. हा वास तयार होण्यात मोठा वाटा आहे तुडतुड्यांचा. होय, तेच. कपाशीच्या पानाखाली तिरके चालणारे, रस शोषून पानाच्या कडा लाल-तपकिरी करणारे हिरवे किडे, त्यांच्याच कुळातला चहावरचा किडा. त्याने कोवळं पान चावलं की झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं. तीच पुढे कारखान्यात सुकवताना-मळताना फुलून येतात. तैवानमध्ये ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाचा चहा तर या किड्याने चावलेल्या पानांशिवाय होतच नाही, त्यामुळे तिथे फवारणी टाळावीच लागते. आपल्याकडे कापसावरच्या फवारणीत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. एकाच कुळातला किडा एका पिकाला भाव मिळवून देतो आणि दुसऱ्या पिकाच्या धन्याच्या हातात पंप देतो, हे लक्षात ठेवून दुसऱ्या बहराचा भुरका घ्यावा.

दार्जिलिंग कसा करावा याची सर्वांत नेमकी सूचना मला आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मुक्काम केलेल्या एका चहाविरोधकाच्या लिखाणात सापडते. गांधीजी सेवाग्रामला राहत असत आणि चहाला त्यांचा विरोध होता. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, १९४२ साली लिहिलेल्या आरोग्यावरच्या छोट्या पुस्तकात ते सांगतात की चहा उकळू नये, त्यातून टॅनिन उतरतं. प्यायचाच तर पत्ती गाळणीत घ्यावी, वरून उकळतं पाणी ओतावं, आणि खाली आलेल्या पाण्याचा रंग गवताच्या काडीसारखा फिका असावा. चहाचा निषेध करता करता त्यांनी पहिल्या बहराची पाककृतीच लिहून ठेवली! आणखी एक बारकावा यात भर घालतो. दार्जिलिंग गाव दोन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी ९३ अंशांना उकळतं. यवतमाळ शहर साडेचारशे मीटरच्या आसपास, इथे साडेअठ्ठ्याण्णवला. त्यामुळे उकळी आल्यावर गंज उतरवून मिनिटभर थांबावं, मग पत्तीवर ओतावं.

आसामकडे वळलं की सगळंच बदलतं, झाडसुद्धा. दार्जिलिंगातली मूळ जात चिनी, लहान पानांची. आसामची जात तिथल्या जंगलातलीच, हाताच्या पंजाएवढ्या पानांची. सिंगफो लोक ती पूर्वापार वापरत होते. मणिराम दिवाण यांच्याकडून रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला त्याचा सुगावा लागला, ते साल १८२३. सोळा वर्षांनी, १० जानेवारी १८३९ रोजी, आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. मणिराम यांनी पुढे स्वतःचे मळे काढले, आणि १८५७ च्या उठावात हात असल्याच्या आरोपावरून १८५८ मध्ये ते फाशी गेले. चहाच्या पाकिटावर कुठे ना कुठे त्यांचं नाव असायला हवं होतं, असं मला वाटतं.

आसामच्या मोठ्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं जास्त असतात. पान मळून हवेत ठेवलं की त्यांचं रूपांतर दोन गोष्टींत होतं. थिआफ्लेविन, ज्याने चहाला तजेलदार तांबूस चमक आणि जिभेला चटका येतो. आणि थिआरुबिगिन, ज्याने गडद रंग आणि तोंडात भरल्यासारखा जडपणा येतो. शिवाय आसामला भाजलेल्या धान्यासारखा एक वास असतो. देशातला निम्मा चहा इथला, आणि तुमच्या पाकिटात बहुधा सर्वांत मोठा वाटाही इथलाच. चांगला आसाम ओळखायची सोपी खूण म्हणजे कोरा चहा गार होऊ द्यायचा. तो गढूळ, मातकट दिसू लागतो, कारण थिआफ्लेविन आणि कॅफिन एकत्र येऊन साकळतात. पारखी याला गुण मानतात. गरम केला की पुन्हा नितळ.

निलगिरीचा चहा गार झाल्यावरही बराच नितळ राहतो, आणि म्हणून थंड चहासाठी त्याला मागणी आहे. उटी, कुन्नूर, कोटागिरीच्या या डोंगरांवर दोन्ही पावसाळे पोचतात, त्यामुळे खुडणी बारा महिने चालते. डिसेंबर-जानेवारीत थंडीचं दव गोठतं त्या सुमाराच्या चहाचा तोरा वेगळाच, वास इतका दाट की दार्जिलिंगवाले अस्वस्थ व्हावेत. एरवी निलगिरीचा स्वभाव सरळ आहे. फार तुरट नाही, फार हलका नाही. चौघांत बसून भांडण न करणारा. कांगड्याबद्दल थोडक्यात: एकोणिसाव्या शतकात त्याचं चांगलं नाव होतं, ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले आणि तो व्यवसाय पुन्हा तसा उभा राहिला नाही. चव चिनी जातीचीच, दार्जिलिंगहून मवाळ.

आता प्रामाणिक प्रश्न. हे चारही चहा आपण जसा पितो तसे, म्हणजे दूध-साखर घालून उकळले तर? दुधातलं केसीन हे प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून दूध पडताच तुरटपणा विरतो. आसामकडे तुरटपणाची शिल्लक इतकी असते की दुधाला देऊनही पुरून उरतो. दार्जिलिंगकडे नसते. त्याचे सुगंध वाफेबरोबर उडून जातात आणि खाली उरतं ते किंचित रंगीत दूध. सीटीसीचा शोध या बाबतीत महत्त्वाचा. १९३० च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचं यंत्र बसवलं, जे पान चिरडतं, फाडतं आणि दाण्यासारखं वळवतं. पेशी इतक्या फुटतात की रंग आणि कडकपणा झटक्यात उतरतो, आणि तेवढ्याच पत्तीत जास्त कप होतात. आज देशातला बहुतांश चहा असाच होतो. शौकीन मंडळी सीटीसीला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. दूध, आलं, वेलची आणि भरपूर उकळी सोसायची तर सीटीसीच हवा. तिथे पहिला बहर टाकणं म्हणजे पैठणी नेसून परसात गोवऱ्या थापणं.

आणि पाणी. आपल्या बायाबापड्यांनी यासाठी प्रयोगशाळेशिवाय कसोटी लावलेली आहे: ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ते पाणी जड. कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या-गरातल्या पेक्टिनला घट्ट बांधतो, म्हणून दाणा फुटत नाही. तोच कॅल्शियम चहाच्या तुरट द्रव्यांनाही धरतो. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टवर आहे. वणी, झरी-जामणीकडे चुनखडीचे थर लागतात, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उगीच नाही. अशा खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची. धरणाचं पाणी मुख्यतः पावसाचं, जमिनीवरून वाहून आलेलं, त्यामुळे तुलनेने हलकं. यवतमाळ शहराला निळोणा, चापडोह या तलावांनी वर्षानुवर्षं पाणी पाजलं. २०१८ च्या उन्हाळ्यात ते आटले तेव्हा शहर टँकरवर आणि बोअरवर आलं. गावभर चहाची पत्ती तीच, पण कपात उतरणारं पाणी बदललेलं.

जड पाण्यात होतं काय, ते डोळ्यांनी पाहता येतं. बोअरच्या पाण्यात कोरा चहा करा आणि हलवू नका. दोन-चार मिनिटांत पृष्ठभागावर पातळ, किंचित तेलकट चमकणारा पापुद्रा धरतो. चमचा लावला की त्याचे तुकडे होतात आणि कपाच्या कडेला तपकिरी वळ चिकटतो. हे तेल नव्हे आणि मळही नव्हे. चहातली द्रव्यं हवेशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटबरोबर जमलेली असतात. दुसऱ्या कपात लिंबाचे चार थेंब टाका, पापुद्रा धरणार नाही, आणि रंगही गडद तपकिरीवरून सोनेरीकडे सरकेल, कारण आम्लाने बायकार्बोनेटचा निकाल लावला. दुधाच्या चहात साय आणि पापुद्रा वेगळे कळत नाहीत, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही.

जड पाण्याने चहा काळपट होतो पण तेजस्वी होत नाही, चटका मरतो, वास दबतो. दार्जिलिंगचं यात सर्वांत जास्त नुकसान, कडक सीटीसीचं सर्वांत कमी. इंग्लंडात यॉर्कशायर टी हा ब्रँड जड पाण्याच्या गावांसाठी वेगळं मिश्रणच विकतो. आपल्याकडे कोणी तसं लिहून विकत नाही, पण गिऱ्हाइकांनी आपोआप तेच निवडलं असावं. विदर्भातला माणूस कडक पत्ती, घट्ट दूध, मोठी उकळी मागतो, त्याला शहरी शौकीन जिभेचा अडाणीपणा म्हणतात. मला त्यात पाण्याशी घेतलेली तडजोड दिसते, आणि ती शहाणपणाची आहे. तीच पत्ती निळोण्याच्या पाण्यात, घरच्या बोअरच्या पाण्यात आणि आरओच्या जारच्या पाण्यात अशी तीन वाट्यांत करून पाहिली, तर दार्जिलिंग आणि आसामात जेवढा फरक लागतो जवळपास तेवढाच फरक एका आसामच्याच तीन वाट्यांत लागतो. आरओच्या अगदी हलक्या पाण्यात चहा चमकतो खरा, पण थोडा टोकदार, आंबटसर वाटू शकतो. त्यात पाव हिस्सा नळाचं पाणी मिसळलं की बसतो.

एक गोष्ट चवीच्या पलीकडची. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, वणी या भागातल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. मानकाची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, कमाल दीड. त्यापुढे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि पुढे हाडांचे, सांध्यांचे त्रास. चहाचं झाडही जमिनीतून फ्लोराइड उचलून पानात साठवतं, आणि जून पानात ते कोवळ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. तिबेट-मंगोलियाकडे जुन्या पानांच्या विटा करून त्यांचा चहा पितात, तिथे चहामुळेच फ्लोरोसिस झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. आपण विटांचा चहा पीत नाही, पण पाणी मुळातच फ्लोराइडचं असेल तर दिवसाला सहा-सात कप कडक चहा त्यात भर घालतो. उकळल्याने कठीणता काही अंशी खाली बसते, गंजाच्या तळाशी पांढरा थर येतो तो तोच. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. तेव्हा अशा गावात चहाचं पाणीही पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यातूनच घ्यावं आणि लहान मुलांना चहाची सवय लावू नये.

मग यवतमाळात काय प्यावं? माझी यादी अशी. घरी बोअरचंच पाणी असेल तर आसामचा सीटीसी, आलं ठेचून, दूध घालून. उगाच महागडी पत्ती आणू नये. नळाला धरणाचं पाणी असेल तर आसामचा पानांचा चहा, सहा मिनिटं झाकून, वरून चमचाभर दूध, नाहीतर तेही नको. दार्जिलिंग हवाच असेल तर आरओच्या पाण्यात, पाहुणे नसताना, साखरेचा डबा दूर ठेवून. आणि मे महिन्यात, गरम चहा नकोसा होतो तेव्हा, निलगिरीची दहा ग्रॅम पत्ती लिटरभर गार पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. उकळतं पाणी न लागल्याने तुरटपणा फार कमी उतरतो. सकाळी गाळून लिंबू पिळावं. कांगडा मात्र पोस्टाने मागवावा लागेल. पंधरा-वीस दिवसांची तयारी ठेवा आणि आला की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, मसाल्याच्या फडताळापासून लांब, कारण चहा शेजारच्या हिंगाचा वास एका रात्रीत ओढून घेतो.